वीस एक आणि एकवीस

नात यंदा दुसरीत आहे. जिल्हा परिषदेच्या तिच्या शाळेत वर्षभरात पुष्कळ काही शिकवून झाले. करवंटीत पेरलेल्या मटकीला मोड आले, चार-पाच कविता पाठ झाल्या, घड्याळातले पूर्ण तास ओळखता येऊ लागले. पण जूनपासून मार्चपर्यंत त्या वर्गाने मुख्यतः एकच काम केले, असे माझ्यासारख्या बाहेरून पाहणाऱ्या बाईला वाटते. तो वर्ग शंभरपर्यंतच्या संख्यांना नावाने ओळखायला शिकला.

मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे रोखपाल होते, त्यामुळे संख्यांची नावे शिकायला एक अख्खे वर्ष लागते ही गोष्ट मला प्रथम गमतीची वाटली. आपण स्वतः ती कधी शिकलो हे कुणालाच आठवत नाही, म्हणून ती उपजतच येत असावीत असा आपला समज असतो. तो समज पहिल्या सहामाहीतच गेला. एका संध्याकाळी मी ‘पंचवीस’ म्हटले आणि नातीने पाटीवर ठळक अक्षरांत ५२ लिहिले. मी ‘चूक’ म्हणाले. ती म्हणाली, ‘आजी, तू आधी पाच म्हणालीस.’

मी खरोखरच आधी पाच म्हणाले होते. मराठीत संख्या लिहिताना हात डावीकडून उजवीकडे जातो आणि ती उच्चारताना जीभ उजवीकडून डावीकडे जाते. पंचवीस म्हणजे आधी पाच आणि मग वीस. सत्तेचाळीस म्हणजे आधी सात आणि मग चाळीस. शंभराच्या पुढे तर याहून विचित्र प्रकार होतो. ‘एकशे पंचवीस’ म्हणताना आपण आधी शतकाचा उच्चार करतो, तिथून उडी मारून एककावर जातो आणि परत फिरून दशक उचलतो. एवढी कसरत मी काउंटरमागे बसून दिवसातून शेकडो वेळा केली आणि ती कसरत आहे हे एका सात वर्षांच्या मुलीने दाखवेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

या अडचणीवर पाठ्यपुस्तकात एक तोड दिलेली आहे. २०१९ साली बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले, तेव्हा त्यात एकवीसपासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘साठ तीन’ अशाही वाचायला शिकवल्या होत्या. गणितज्ञ मंगला नारळीकर या गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची संख्यानामे लहान मुलांना अडवतात व गणिताची भीती तिथूनच बसते, असे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, ती नव्या नावांच्या शेजारीच छापलेली होती. तरीही त्या जून महिन्यात जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. भाषा बुडाली असे लेख आले, ज्यांच्या आडनावात संख्या आहे त्यांच्यावर विनोद झाले आणि विधिमंडळातही चिमटे काढून झाले. संख्यांना नावे ठेवण्याचे काम असे दोन्ही अर्थांनी झाले. मीही तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत होते, हे इथे कबूल केलेले बरे.

माझा आक्षेप अगदी व्यवहारी होता. ‘वीस एक’ हे शब्द मराठीत आधीपासूनच आहेत आणि त्यांचा अर्थ निराळा आहे. लग्नाला वीसएक माणसे आली म्हणजे अठरा असतील, बावीस असतील, कुणी मोजलेली नाहीत. पन्नासेक रुपये, शंभरेक पावले, दहाएक दिवस असे आपण म्हणतो, तेव्हा हा ‘एक’ एक नसतोच, तो ‘सुमारे’ असतो. रोखपालाला ‘सुमारे’ या शब्दाची धडकी भरते. मी एकतीस वर्षे नोकरी केली हे नातीला तिच्या पुस्तकी भाषेत सांगायचे तर ‘तीस एक वर्षे’ असे सांगावे लागेल, आणि ऐकणारा समजेल की या बाईंना स्वतःच्या नोकरीचा हिशेबही धड ठाऊक नाही.

पण वर्षभर नातीशेजारी बसून तो वर्ग काय करतो ते पाहिल्यावर माझ्या आक्षेपाची धार बोथट झाली. त्यांच्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला काड्या आणायला सांगितल्या होत्या. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचे, झाला एक गठ्ठा. उरलेल्या काड्या सुट्या. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी समोर ठेवली की मूल जे पाहते तेच बोलते, वीस आणि एक. ‘एकवीस’ म्हणायचे तर आधी त्या एकट्या काडीकडे बोट दाखवून मग गठ्ठ्यांकडे यावे लागते. बँकेत आम्ही याहून वेगळे काही करत नव्हतो. शंभर नोटांचे पाकीट, दहा पाकिटांचे बंडल आणि बाकीच्या नोटा सुट्या. संध्याकाळी रोकड जुळवताना आधी बंडले मोजायची, मग पाकिटे आणि शेवटी सुट्या नोटा. सुट्या नोटांपासून मोजायला सुरुवात करणारा रोखपाल मी पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा आठवली. माझी आजी निरक्षर होती आणि तिची सगळी मोजदाद विशांमध्ये चाले, त्याला ती ‘ईसा’ म्हणत असे. उन्हात वाळवलेल्या गोवऱ्या उचलताना ती ‘तीन ईसा अन् पाच’ असे म्हणायची. तीन विसा म्हणजे साठ आणि वर पाच. ‘अठराविश्वे दारिद्र्य’ या शब्दातही विसाच आहे असे सांगतात, अठरा विसा म्हणजे तीनशे साठ, वर्षाचे सगळे दिवस. म्हणजे ज्या पद्धतीवर परकी म्हणून आम्ही नाक मुरडले, ती मोठा भाग आधी आणि सुटे मागून सांगण्याची रीत आमच्याच परड्यातल्या गोवऱ्यांच्या हुडव्यापाशी नांदत होती. तिला शाळेने कधी वर्गात घेतले नाही, इतकेच.

आमचे गाव जत तालुक्यातले, त्यामुळे बाजारात मराठीइतकीच कानडी ऐकू येते आणि नातीच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी कानडीच बोलतात. कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, इप्पत्तु म्हणजे वीस आणि ओंदु म्हणजे एक. एकोणीससुद्धा तिथे ‘हत्तोंबत्तु’ म्हणजे सरळ दहा-नऊ. तेलुगू, तमिळ, मल्याळम यांतही वीसच्या पुढे दशक आधी येते. नातीची मधल्या सुट्टीतली मैत्रीण अशाच कानडी घरातली आहे. ‘वीस एक’ तिला पहिल्या दिवशीच आले आणि ‘एकवीस’ने तिला दिवाळीपर्यंत छळले. नातीचे नेमके उलटे झाले. दोघींनी एकमेकींना काय शिकवले ते मला ठाऊक नाही, पण दिवाळीनंतर दोघींनाही दोन्ही येऊ लागले.

जुन्या नावांची खोड अशी की ती नियम दाखवतात आणि मूल नियमाला लागले की हूल देतात. तीन या एका संख्येचेच पाहा. तेवीसमध्ये ती ‘ते’ असते, त्रेपन्नमध्ये ‘त्रे’ होते आणि त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. दोन तर बावीसमध्ये ‘बा’, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याऐंशीत ‘ब्या’ होतात. मग एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही पंगत येते. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. तीसला एक कमी म्हणून एकोणतीस. ही युक्ती कळली त्या दिवशी नात अत्यंत खूश होती, कारण एवढे एक समजले की आठ संख्या फुकटात पदरात पडतात. त्याच आनंदात एकोणनव्वदपर्यंत येऊन, पुढची अठ्ठ्याण्णवपर्यंतची चढण चढून, ती दिमाखात म्हणाली, ‘एकोणशंभर!’

आता यात तिचे काय चुकले? सगळी पंगत ‘एकोण’ने वाढत आणली आणि शेवटच्या पानावर ‘नव्व्याण्णव’ वाढले, तर मुलाने काय समजावे? हिंदीत ही घसरण एक पायरी आधीच होते. तिथे एकोणऐंशीपर्यंत एक उणा करतात आणि एकोणनव्वदला मात्र ‘नवासी’ म्हणजे नऊ-ऐंशी म्हणतात. आपण निदान नव्वदपर्यंत तरी वचन पाळतो. मी नातीला एवढेच सांगितले की ‘एकोणशंभर’ बरोबर असायला हवे होते, पण तसे म्हणत नाहीत. तिने ते मोठ्यांच्या इतर अनेक विधानांप्रमाणे निमूटपणे ऐकून घेतले.

नव्या नावांचा मात्र एका ठिकाणी टिकाव लागला नाही, आणि ते ठिकाण म्हणजे पाढे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. हे पाठांतर म्हणजे गणित कमी आणि ताल जास्त. आमच्या लहानपणी तीसपर्यंतचे पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी ही अपूर्णांकांची पलटणही होती. एकोणतीसचा पाढा हा तर बहुतेकांचा घात करण्यासाठीच राखून ठेवलेला असे. दुसरीच्या वर्गाला एवढे नाही. पण मी हौसेने नातीला पुढचा एक तुकडा शिकवला, ‘सात सत्ते एकोणपन्नास’. तिने तो नव्या पद्धतीने म्हणून पाहिला, ‘सात सत्ते चाळीस नऊ’. दोन-तीनदा म्हणून पाहिल्यावर तिचे तिनेच तोंड वाकडे केले. गाडी रुळावरून घसरल्यासारखा आवाज होतो, हे तिलाही ऐकू आले.

त्यामुळे त्या वर्गाने आपसात एक व्यवस्था लावून घेतलेली दिसते आणि ती त्यांना कुणी शिकवली असे मला वाटत नाही. पाढे जुन्या नावांनी, बेरीज नव्या नावांनी. सत्तेचाळीस अधिक पंचवीस असे गणित घातले की नात आधी पुटपुटते, ‘चाळीस सात, वीस पाच.’ मग पाच नि सात बारा, बाराचे दोन, हातचा एक. हा हातचा मात्र दोन्ही पद्धतींत तोच राहिला आहे. ती तो खरोखरच एक बोट दुमडून हातात धरते आणि दशकांची बेरीज होईपर्यंत ते बोट उघडत नाही. मध्ये कुणी पाणी दिले तर दुसऱ्या हाताने घेते. उत्तर ७२ आले की मला ‘बहात्तर’ असे सांगते, कारण मी आजी आहे; स्वतःशी ती काय म्हणते ते मी ऐकलेले असते.

संख्या अक्षरांत लिहिणे हे या वर्षीचे शेवटचे अवघड काम होते. याविषयी मी थोडी कडक होते आणि त्याला कारण आहे. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी, असे धनादेशांना लागू असलेल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते. प्रत्यक्षात बँका असा धनादेश परतच पाठवतात, ही गोष्ट वेगळी. पण कायद्याने विश्वास ठेवला आहे तो अक्षरावर. आकड्याला एक शून्य सहज चिकटवता येते, ‘त्र्याण्णव’मध्ये कुणी काय घुसडणार? या एका वाक्यावर माझी सगळी नोकरी झाली, म्हणून मी नातीकडून ती नावे पुन्हापुन्हा गिरवून घेतली.

गेल्या आठवड्यात तिचा मातीचा गल्ला फोडला. नाणी मोजायची जबाबदारी अर्थात तिची. तिने दहा-दहा रुपयांचे ढीग लावले, आठ ढीग झाले आणि नऊ रुपये सुटे राहिले. तिच्या खात्यात ते भरायला आम्ही दोघी बँकेत गेलो, माझ्याच जुन्या शाखेत. भरणा पावती तिने लिहायची आणि सही मी करायची, असे ठरले होते. आकड्यांच्या चौकटीत तिने ८९ लिहिले. ‘अक्षरी रुपये’च्या पुढे तिने ‘एको’पर्यंत लिहिले, थांबली, खोडले आणि मग एका दमात लिहून पावती माझ्यापुढे सरकवली. तिथे ‘ऐंशी नऊ फक्त’ असे होते.

‘ण आधी की न आधी ते आठवेना,’ ती म्हणाली.

माझे पेन सहीच्या जागेवर क्षणभर थांबले. मग मी सही केली. खिडकीपलीकडे जो मुलगा बसला होता, त्याने नाणी बोटाने सरकवत मोजली, पावतीवरून नजर फिरवली, ‘एटी नाइन’ असे स्वतःशी म्हटले आणि शिक्का मारला.