आमची वाटचाल : प्रेस शॉप आणि कामगार नुकसानभरपाईचा विमा

भोसरी एमआयडीसीतील भाड्याच्या गाळ्यात पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या दोन यंत्रा, म्हणजे पॉवर प्रेस, लावून आम्ही २०१४ साली काम सुरू केले. पहिल्या सात वर्षांत मशीनचा, शेडचा आणि मालाचाही विमा उतरवला. माणसे सातच होती, ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू नव्हते, आणि त्यांच्या विम्याचा विषय दरवर्षी पुढच्या वर्षावर जात राहिला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रॅकेटची ऑर्डर चालू असताना प्रेसच्या डायमध्ये (साच्यात) जॉब, म्हणजे घडत असलेला भाग, अडकला. तो काढायला आमच्या ऑपरेटरने हात घातला आणि त्याच क्षणी त्याचा पाय प्रेस चालवणाऱ्या पेडलवर पडला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या पत्नीने मला विचारले, "साहेब, चूक ह्यांचीच होती असं सगळे म्हणतात. मग आता काहीच मिळायचं नाही का?"

मलाही उत्तर ठाऊक नव्हते. वकिलांनी १९२३ चा नुकसानभरपाई कायदा समजावून सांगितला, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कामामुळे आणि काम करत असताना इजा झाली की भरपाई मालकाने द्यायची. कामगाराचा नुसता निष्काळजीपणा पुढे करून ती नाकारता येत नाही. नशा, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणे किंवा मशीनचा गार्ड (संरक्षक आडोसा) जाणूनबुजून काढणे एवढेच अपवाद, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही चालत नाहीत. आमच्या ऑपरेटरचा महिन्याचा पगार १६,००० होता, पण हिशेबाला तेव्हा कमाल १५,००० धरत. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार गुणक ठरलेला असतो; त्याच्या तिसाव्या वर्षाचा २०७.९८, तर्जनीच्या दोन पेरांसाठी कमावण्याच्या क्षमतेतील घट ११ टक्के. तिन्हींचा गुणाकार करून रक्कम निघाली सुमारे २,०५,९०० रुपये.

ती देण्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण खात्यात पैसे नव्हते. एका मोठ्या ग्राहकाकडे आमची बिले अडकली होती. महिन्याच्या आत द्यायची रक्कम मी १२ टक्के व्याजासह सात महिन्यांत, हप्त्याहप्त्याने पूर्ण केली. त्याचे बोट कामावर गेले आणि त्याचा हक्काचा पैसा माझ्या थकीत बिलांच्या मागे रांगेत उभा राहिला, याची बोच अजून गेलेली नाही. हा विमा कशासाठी असतो ते मला तेव्हा कळले: मालकाची नियत किंवा महिन्याची वसुली कशीही असो, कामगाराचे पैसे वेळेवर निघावेत, यासाठी.

पॉलिसी घेताना, हप्ता कमी बसावा म्हणून चारच माणसे आणि निव्वळ मूळ पगार दाखवा, असा सल्ला एका एजंटाने दिला. मी तो मानला नाही. खोट्या यादीवर घेतलेली पॉलिसी नेमकी दाव्याच्या वेळी अपुरी पडते. कंत्राटदाराच्या हेल्परची जबाबदारीही मुख्य मालकावर येऊ शकते, म्हणून त्याचे नावही घातले, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळे कलम जोडून घेतले. त्याच महिन्यात पेडल काढून दोन्ही प्रेसना दोन हातांची बटणे बसवली, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस चालत नाही.

२०२३ मध्ये माणसे दहाच्या वर गेली आणि ईएसआय लागू झाले. २१,००० च्या वर पगार असलेले दोन डाय फिटर त्यात बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी पॉलिसी चालूच आहे. तो ऑपरेटर आता आमचे स्टोअर सांभाळतो. दर एप्रिलला नूतनीकरणाआधी हजेरीपट आणि विम्याची यादी शेजारी ठेवून एकेक नाव आणि एकेक पगार तोच ताडून पाहतो, आणि त्याने पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.