तुम्ही विचारलंत म्हणून: हे सामान आणता कुठून?

लातूरला आमच्या घरी कुणी आलं की वरच्या खोलीतली बरणी, वायरी, थर्मास बघतं आन् विचारतं, सर याचं सामान मिळतं कुठं. हा माझा कोल्ड फ्युजनचा खटाटोप, म्हणजे भट्टीशिवाय, साध्या तापमानालाच अणूंची केंद्रं जुळवून उष्णता काढायचा. तर ऐका.

1989 च्या मार्चमधे अमेरिकेत युटाला फ्लाइशमन आणि पॉन्स या दोघांनी सांगितलं की जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो) पॅलेडियम या महागड्या धातूची कांडी बुडवून करंट सोडला की दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते. बाकीच्यांना ते काही नीट जमलं नाही, आपल्या भाभा अणुकेंद्रानंही त्याच वर्षी करून पाहिलं होतं. नाद मात्र कुणाकुणाला लागला तो लागलाच, मी त्यातला.

जड पाणी विसरा. सरकारचे कारखाने आहेत, थळला, मणुगुरूला, पण ते अणुऊर्जा खात्याचं काम, दुकानात मागायची चीज नाही. 2016 ला लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं यायचं, त्याच दिवसात मी जड पाण्याची चौकशी करत फिरत होतो, बायको म्हणाली आधी हलकं तरी भरून आणा.

पॅलेडियमसाठी सराफाकडं गेलो. तो म्हणाला व्हाइट गोल्डमधे मिसळलेलं असतंय, सुटं कशाला पाहिजे, आन् अंगठी कुणासाठी? तिथून उठलोच.

मग गरिबाचा मार्ग, निकेल, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम कार्बोनेट. पाणी आन् पावडरीचं काही नाही, घोळ निकेलचा. ई-बाईकचे बॅटरी पॅक जोडायला जी पट्टी वापरतात ती निकेल म्हणूनच विकतात पण बऱ्याचदा आत लोखंड, वरून नुसता मुलामा, आन् लोहचुंबक निकेल, लोखंड दोन्हीला चिकटतं त्यामुळं ओळखायला ते काही कामाचं नाही. मी खिळ्यानं खोल ओरखडा काढतो आणि मिठाच्या पाण्यात वाटीत रात्रभर ठेवतो. सकाळी ओरखड्यात तांबूस गंज दिसला की पट्टी परत. चारातल्या तीन वाट्या तांबड्या झाल्या, दुकानदार म्हणतो सर तुम्हीच पहिले परत आणणारे.

बरणीतून हायड्रोजन ऑक्सिजन दोन्ही निघतात, म्हणून खिडकी उघडी आन् त्या खोलीत अगरबत्ती बंद, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

जास्तीची उष्णता निघाली का? एकदा निघाली, दीड डिग्री. एप्रिल होता आणि वर पत्रा.