टक

दुपारी हेडफोनचा इअरपॅड निघून हातातच आला आणि आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, दिसला. पातळसा, चकचकीत, 40 मिलिमीटरचा पडदा, एवढंसं ते, आणि पॅड परत बसवायचा सोडून मी त्याच्याकडेच बघत बसलो. बोटाने हळूच दाबून बघावं असं फार वाटतं, पण नाही, चेपला की संपलं, आणि लोखंडाचा बारीकसा कण आत चुंबकाला जाऊन चिकटला तर कायमची खरखर.

हात शिवशिवायचं कारण जुनं आहे. लहानपणी एका बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर मला मिळाला होता, कागदी कोनवाला, आणि त्याच्या दोन वायरी पेन्सिल सेलच्या टोकांना लावल्या की आवाज यायचा, टक. कोन पुढे यायचा आणि सेल लावलेला आहे तोवर तिथेच थांबायचा. वायर काढली की परत टक, कोन जागेवर. सेल उलटा धरला की कोन आत. हे मी तासन् तास करायचो, सेल गरम व्हायचा, घरचे वैतागायचे, पण मला अजूनही वाटतं की हेडफोन म्हणजे शेवटी हेच. तारेच्या वेटोळ्यातून करंट, भोवती चुंबक, एक ढकल एक ओढ, फक्त सेकंदाला 20 पासून 20,000 वेळा.

ढकलणं तसं सोपं, खरी परीक्षा थांबण्याची. टाळीचा आवाज संपून गेला तरी पडदा थरथरतच राहिला तर पुढचा आवाज त्याच थरथरीवर येऊन पडतो आणि सगळं गढूळ. म्हणून पडदा हलका पाहिजे आणि कडकही पाहिजे, आता हे दोन्ही एका जागी कुठून आणायचं? कडक नसला तर वरच्या सुरांना मधला भाग पुढे आणि कडा मागे असा ज्याचा त्याचा वेगळा नाच सुरू होतो. मग कोणी बेरिलियम नावाचा हलका, कडक धातू घेतं, कोणी सेल्युलोज, सेनहायझर कंपनीने 2009 साली आपल्या एचडी 800 हेडफोनमध्ये पडदाच रिंगच्या आकाराचा केला, 56 मिलिमीटरचा. स्टॅक्स ही जपानी हेडफोन कंपनी तर 1960 पासून म्हणतेय कॉइलच, म्हणजे ते तारेचं वेटोळंच, नको. केसाच्या कितीतरी पट पातळ, एक-दोन मायक्रॉनची फिल्म, दोन जाळ्यांच्या मधे ताणलेली, जाळ्यांवरच्या बदलत्या व्होल्टेजने ढकलली-ओढली जाणारी, आणि त्यांच्या आताच्या प्रो मॉडेलमध्ये तिला 580 व्होल्ट. कानाला लावून! करंट जवळजवळ नसतोच म्हणून काही होत नाही, तरी पण.

मला मात्र सगळ्यात हुशारी दिसते ती ड्रायव्हरच्या मागच्या भोकांवर चिकटवलेल्या कागदाच्या किंवा कापडाच्या तुकड्यात. मागची हवा किती सहज ये-जा करणार हे तो ठरवतो, म्हणजे बेस फुगणार की आवरलेला राहणार तेही. जाहिरातीत चुंबकाचं कौतुक असतं, बेरिलियमचं असतं, या चिकटवलेल्या तुकड्याचं नाव कोणी घेत नाही.

अजून एक, डावा आणि उजवा ड्रायव्हर अगदी सारखे लागतात, आणि कारखान्यातून निघालेले दोन कधीच तंतोतंत सारखे नसतात, म्हणून चांगल्या कंपन्या मोजून जोड्या लावतात. इथे माझं एक खूळ आहे. नवीन हेडफोन हातात आला की आधी मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखंच वाजणारं, लावायचं, नुसता एक आवाज, तो बरोबर दोन डोळ्यांच्या मधे बसला पाहिजे. जरा एका बाजूला वाटला की हेडफोन उलटा घालायचा, डावा उजवीकडे. आवाज दुसऱ्या बाजूला सरकला तर जोडी नीट लागलेली नाही, सरळ परत करायचा. मित्रांचेही तपासून देतो, न विचारता.

परवा असाच एक उलटा घालून बघितला. आवाज थोडासा उजवीकडे होता, आणि उलटा घातल्यावरही उजवीकडेच राहिला. दुसरा हेडफोन आणला, त्यातही उजवीकडेच.

म्हणजे ड्रायव्हर ठीक आहेत सगळे. डाव्या कानाची तपासणी करून घ्यायला हवी, बघू या आठवड्यात जमतंय का.