ईस्ट कर्कबीचा जुना विमानतळ आणि लँकेस्टरमधले सात जण

इंग्लंडच्या पूर्वेकडील लिंकनशायर या सपाट, शेतीप्रधान परगण्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतके हवाई तळ उभे राहिले, की तो बॉम्बर विमानांचा परगणा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. त्यांपैकी ईस्ट कर्कबीचा तळ ऑगस्ट १९४३ मध्ये सुरू झाला आणि ५७ व ६३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची लँकेस्टर ही चार इंजिनांची, सात जणांची बॉम्बर विमाने तेथून रात्रीच्या मोहिमांवर जात असत. आता तेथे पुन्हा शेती आणि कोंबड्यांच्या शेड आहेत. कंट्रोल टॉवर मात्र नीट दुरुस्त करून जतन केला आहे आणि तळाच्या जागेवर संग्रहालय उभे आहे.

हे संग्रहालय सरकारने उभारलेले नाही. ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरावर बॉम्बफेकीसाठी गेलेल्या सुमारे ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत आणि त्यांतल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरमध्ये ख्रिस्तोफर पँटन हा तरुण फ्लाइट इंजिनिअर होता. त्याचे धाकटे भाऊ फ्रेड आणि हॅरॉल्ड यांनी पुढे या तळाची जागा घेतली, ‘जस्ट जेन’ नावाचे लँकेस्टर मिळवले आणि भावाच्या स्मरणार्थ हे सारे उभे केले. त्यामुळे येथील मांडणीला घरगुती वळण आहे, आणि मला ते अधिक भावले.

लँकेस्टर जवळून पाहिल्यावर पहिली जाणीव होते ती त्याच्या पोटातल्या अडचणीची. पुढून मागे जायचे तर मध्ये पंखांची जाड तुळई आडवी येते, आणि फुगीर उड्डाणपोशाखात, अंधारात, विमान जळत असताना ती ओलांडणे म्हणजे काय, हे तिच्यासमोर उभे राहिल्यावरच उमगते. शेपटीतला तोफची तर उरलेल्या सहा जणांपासून दूर, अरुंद काचघरात तासन् तास एकटा बसे. त्याचे पॅराशूटही या काचघराबाहेर, मागे टांगलेले असे, म्हणजे उडी मारण्याआधी ते हाताशी ओढून छातीला अडकवणे आलेच. नेमणुकीच्या एका पाळीत प्रत्येकाला साधारण ३० मोहिमा कराव्या लागत. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागातील सुमारे १,२५,००० वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. त्या दलात शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे भारतीय नॅव्हिगेटरही लँकेस्टरमधून लढले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

जाणाऱ्यांनी आधी लिंकन शहराबाहेरील इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर पाहावे, मग ईस्ट कर्कबी गाठावे, असे माझे मत आहे. त्या सेंटरमधील स्मारकस्तंभाची उंची लँकेस्टरच्या पंखविस्ताराइतकी, म्हणजे सुमारे ३१ मीटर आहे, आणि भोवतीच्या पोलादी भिंतींवर कापून कोरलेली बॉम्बर कमांडच्या मृतांची नावे सुमारे ५८,००० आहेत. या केंद्राच्या संग्रहात बॉम्बफेकीखाली सापडलेल्या सामान्य लोकांच्या आठवणीही जपल्या आहेत, आणि त्या वगळून या मोहिमांकडे पाहणे मला अपुरे वाटते.

स्वतःची गाडी असेल तर उत्तम, कारण ईस्ट कर्कबीला रेल्वे स्टेशन नाही आणि गावाकडची बससेवा विरळ आहे. ‘जस्ट जेन’ची चारही इंजिने सुरू करून विमान जमिनीवर चालवतात, ते दिवस आधी पाहून तिकीट काढून ठेवावे, विमानात बसून त्या फेरीत सामील होण्याच्या जागा मोजक्या आणि महागड्या असतात. हिवाळ्यात विमानाचे भाग सुटे करून दुरुस्ती चालते. यंत्रकामाची आवड असेल तर त्याच दिवसांत जावे, एरवी उन्हाळा बरा. मोकळ्या माळावरचा वारा उन्हाळ्यातही बोचतो, तेव्हा जाड जाकीट सोबत असू द्यावे. संग्रहालयाचे उघडण्याचे दिवस आणि वेळा आधी तपासाव्यात. जुन्या गार्डरूमच्या जागी दोन्ही स्क्वाड्रनचे स्मारक आहे. संग्रहालयाच्या गडबडीत ते पाहायचे राहून जाते, म्हणून आत शिरण्याआधीच तेथे थांबावे. उडणारे लँकेस्टर पाहायचे असेल तर कोनिंग्सबीचा हवाई तळ जवळच आहे, मात्र तेथील भेटीची वेळ आधी ठरवावी लागते.