एकाच वादळाची दोनदा वजावट

तौक्ते वादळात, १६ मे २०२१ रोजी, गोव्यात पेडण्याला आमच्या घरावर फणसाची फांदी कोसळली. कौलांचा एक पाखा खाली आला, दोन वासे मोडले, आणि त्याच भगदाडातून पाणी भिंतीवरून ओघळत थेट मीटरच्या बोर्डात गेलं.

घराचा विमा गृहकर्जाबरोबर घेतलेला होता. जुन्या पद्धतीची आगविमा पॉलिसी, वादळ-पूर त्यात धरलेला. कोविडचा कर्फ्यू चालू असल्याने सर्व्हेअरने व्हिडिओ कॉलवरच पाहणी केली. सुताराचा आणि वायरमनचा अंदाज मिळून १,४८,००० होता; घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत, वजा जाऊन १,१२,००० मंजूर झाले.

आता एक्सेस, म्हणजे दाव्यातली आपल्या वाट्याची वजावट. हे पैसे कंपनीकडे भरायचे नसतात, मंजूर रकमेतून ती कापून घेते आणि तेवढा खड्डा आपण खिशातून भरायचा. आमच्या पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीला दाव्याच्या ५ टक्के, पण किमान १०,००० रुपये, असं लिहिलं होतं. १,१२,००० चे ५ टक्के म्हणजे ५,६००, म्हणून किमान रक्कम लागू. हे मला मान्य होतं. सुतार म्हणाला, "बिल वाढवून देतो, तुमचे दहा हजार सुटतील." मी साफ नाही म्हटलं. खोट्या बिलावर अख्खा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि मुळात ते बरोबरही नाही.

खात्यात मात्र ९२,००० आले. कंपनीने छपराचे ७८,००० आणि वायरिंगचे ३४,००० अशी दोन वेगळी नुकसानं धरून दोनदा दहा-दहा हजार कापले होते. हे मला अजिबात पटलं नाही. फांदी पडली नसती तर बोर्डात पाणी गेलंच नसतं!

सेटलमेंटचा कागद आणि पॉलिसी शेजारी ठेवून मी ईमेल लिहिला. तुमच्याच अटीत वजावट प्रत्येक नुकसानीमागे आहे, दुरुस्तीच्या प्रत्येक बिलामागे नाही. इथे कारण एक, वादळ एक. सोबत अग्निशमन दलाचा दाखला, वायरमनचं लेखी कारण, आणि त्या रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेला फोटो जोडला. त्यात फुटक्या कौलांपासून बोर्डापर्यंत उतरलेला पाण्याचा ओला पट्टा सलग दिसत होता. माझ्या मते काम केलं ते त्या फोटोनेच. नुसत्या बोर्डाचा फोटो असता तर पाणी कुठून आलं यावरच वाद झाला असता.

आधी साचेबंद उत्तर आलं. मग मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं आणि पुढे विमा लोकपालाकडे जाणार हेही कळवलं. गोव्याची प्रकरणं तेव्हा मुंबईच्या लोकपाल कार्यालयाकडे जायची, आणि लोकपालाकडे तक्रारीला फी लागत नाही. तिथवर जावं लागलं नाही. दुसऱ्यांदा कापलेले १०,००० परत आले आणि वायरमनची उरलेली बाकी त्यातूनच चुकती केली.