डेकवर विंडोज कशाला?

“स्टीम डेकवर विंडोज टाकलंय म्हणे, कसं चालतं?” विचारणाऱ्याचं मन बहुधा आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त माझा होकार हवा असतो. स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं मशीन. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: टाकलंय, चालतं, आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेलाच उघडतो.

टाकलं ते अँटी-चीटपायी, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपायी. डेकची मूळची ऑपरेटिंग सिस्टिम स्टीमओएस, ती आर्च या लिनक्सच्या एका प्रकारावर उभी आहे. विंडोजसाठी लिहिलेले गेम तिथे प्रोटॉन या दुभाष्यासारख्या सॉफ्टवेअरमार्फत चालतात, आणि नवल वाटावं इतके नीट चालतात. गाडी अडते ती काही ऑनलाइन गेमपाशी. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अँटी-चीटना प्रोटॉन चालतं, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची. फोर्टनाइट, डेस्टिनी २ यांनी ती दिली नाही. आमची मित्रमंडळी नेमकी त्यातल्याच एकात रमलेली.

पहिल्यांदा विंडोज डेकच्या आतल्या एसएसडीवरच, म्हणजे मूळ स्टोरेजवरच, टाकायला गेलो. डेकला यूएसबी-सी पोर्ट एकच, त्यामुळे पेनड्राइव्ह, कीबोर्ड आणि चार्जर यांच्यासाठी हब लागला. शिवाय डेकचा पडदा जातीचा उभा, ८०० बाय १२८०. आपण तो आडवा धरतो एवढंच. विंडोजच्या इन्स्टॉलरला हे ठाऊक नसतं, तो सगळं कुशीवर झोपवून दाखवतो. मान वाकडी करून पार्टिशन वाचता वाचता मी भलतंच पुसलं. बरेचसे सेव्ह क्लाउडवर होते. एका जुन्या गेमचे चाळीस तास नव्हते. चूक शंभर टक्के माझी.

तेव्हापासून विंडोज मायक्रोएसडी कार्डावर राहतं. इन्स्टॉलर थेट कार्डावर बसत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून कार्ड तयार करावं लागतं. व्हॉल्यूम कमी करायचं बटण दाबून ठेवून पॉवर दाबलं की बूट मेन्यू येतो, त्यातून कार्ड निवडायचं. हळू चालतं, कारण कार्डाचा स्लॉट यूएचएस-१ प्रकारचा, सेकंदाला फार तर १०० एमबीच्या आसपास. मला चालतं. कार्ड काढलं की डेक जसाच्या तसा. व्हॉल्व्हने दिलेले ड्रायव्हर मात्र एकेक करून टाकावे लागतात, आणि स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचं गेमचं ॲप, चालू नसेल तर बटणं गेमपॅड न राहता माउस-कीबोर्डासारखी वागतात.

घड्याळाची गंमत तर कुणीच आधी सांगत नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. त्यामुळे सिस्टिम बदलली की वेळ चुकते, आणि चुकते ती नेमकी तुमच्या टाइम झोनएवढी. मग लॉगिन अडतं आणि माणूस वायफायला शिव्या घालत बसतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद केली की तेही यूटीसी मानू लागतं.

तुम्ही टाकावं का? असा अडलेला गेम खेळत नसाल तर नको. कारण सांगतो. स्टीमओएसवर ऐन मारामारीत पॉवर बटण दाबा, डेक झोपतो. रात्री पुन्हा दाबा, तलवार हवेत होती तिथेच असते. हातात धरायच्या मशीनचं अर्धं सुख यात आहे. विंडोजवर झोपवलेला गेम तसाच उठेल याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून तिथे मी सेव्ह करून, गेम बंद करून, मशीन रीतसर शटडाउन करतो. म्हणजे डेस्कटॉपसारखंच.

कार्ड डेकच्या केसमध्ये, चार्जरच्या वायरीखाली असतं. मित्रांचा मेसेज आला की शोधायला लागतो.