खळाळात उभं राहू नका

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, म्हणून शनिवारपासून तीन दिवसांचं शिबिर कोयनेवर लावलं. मी सांगलीत पोहायला शिकवते. आठवडाभर तलाव, आणि जोडून सुट्टी आली की आमच्या क्लबबरोबर नवख्यांना वाहत्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लहान चिंचोळी होडी, शिकवायची, हे माझं काम. या खेपेला चौदा जण होते.

थंडीत नदीला खळाळ कुठून येणार, असं प्रत्येक शिबिरात कुणीतरी विचारतं. कोयना धरणाचं बहुतेक पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, पोफळी-अलोऱ्याकडं वीज करायला जातं. पूर्वेकडं नदीत येतं ते धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून. तिथं दोन युनिट आहेत. एक चालू असलं की १,०५० क्युसेक, दोन्ही चालू असली की २,१००. क्युसेकला सेकंदाला २८ लिटर धरले तर एका युनिटचं पाणी सेकंदाला जवळपास तीस हजार लिटर होतं. हेच पाणी हेळवाकला वळण घेतं, पाटणवरून कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढं ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या पंपांनी उचललं जातं. सांगलीच्या उसासाठी सुटलेल्या पाण्यावर आम्ही वल्हवतो. मला त्याचं फार अप्रूप आहे.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या पडीक रानात होता. अभयारण्याची हद्द वरच्या अंगाला, तिकडं तंबू न्यायचाच नाही. पोरांना नदीकाठची वाळू आवडली होती. रानाचे मालक आबा बांधावरूनच ओरडले, "ताई, वरच्या टप्प्यात लावा तंबू. दुसरं युनिट सोडलं की ही वाळू दिसत न्हाई." आम्ही वर गेलो. पाण्याच्या कडेला मी एक काठी रोवली आणि तिच्यावर खुणा केल्या. दर शिबिरात पहिलं काम हेच असतं, चहासुद्धा त्यानंतर.

शनिवार डोहात गेला. हवा भरलेल्या कयाक मुद्दाम उलट्या करायच्या, बाहेर यायचं, परत चढायचं. मग वाहत्या पाण्यात पडल्यावर काय करायचं ते: पाठीवर पडायचं, पाय पुढं, नाक आणि पायाची बोटं पाण्याबाहेर. कयाकमध्ये असताना खडक आला तर त्याच्यापासून लांब झुकायचं नाही, उलट त्याला मिठी मारायची. आणि पाणी कमरेच्या खाली येईपर्यंतच नव्हे, पार घोट्याखाली येईपर्यंत उभं राहायचं नाही. हे मी तीनदा सांगते. तरी ते माणसाच्या अंगात सहज उतरत नाही, कारण पाण्यात पडलेल्या माणसाला जमीन हवी असते.

गटात पलूस तालुक्यातल्या एक शिक्षिका होत्या, पस्तिशीच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. बाईंचं गाव तिथून जवळ. त्यांना पोहता येत नव्हतं. पहिल्या दिवशी कयाकमध्ये बसताना त्यांचे हात थरथरत होते. मी विचारलं, "ताई, आजचा दिवस काठावर बसता का?" त्या म्हणाल्या, "काठावर लई बसले मॅडम. आता शिकवा." संध्याकाळी बाकीचे शेकोटीला गेले तरी त्या दोरीची पिशवी फेकत होत्या. वीस मीटर दोरी पिशवीत भरलेली असते. टोक हातात धरून पिशवी माणसाच्या पलीकडं टाकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडते. फेकायची, ओढून भरायची, परत फेकायची. अंधार पडेपर्यंत.

दुसरा होता वाळव्याकडचा, इंजिनिअरिंगला शिकणारा, पट्टीचा पोहणारा. लहानपणापासून कृष्णा आरपार पोहून जाणारा. रविवारी एका बेटाशी नदीचे दोन फाटे होतात, त्यातल्या अरुंद फाट्यातल्या खळाळात मी त्याला सर्वांत आधी सोडलं. पोहणारा आहे, म्हणजे निभावेल, असा हिशेब मी केला. तो हिशेब चुकीचा होता आणि तो माझा होता.

कयाक आडवी होऊन खडकाला लागली आणि उलटली. तो सफाईनं बाहेर आला, दोन हात मारले, आणि पाणी मांडीएवढंच आहे हे कळताच उभा राहिला. लगेच पुढं वाकला. उजवा पाय दोन दगडांच्या खाचेत गेला होता. पाय अडकला की पाणी पाठीवर चढतं आणि माणसाला पालथं दाबतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. लाइफ जॅकेट त्याला वर उचलत होतं, प्रवाह खाली दाबत होता. त्याचं तोंड पाण्याबाहेर येत होतं, परत जात होतं. एवढा तगडा मुलगा, पण त्या पाण्यात ताकदीचा काही उपयोग नव्हता.

मी बेटावर होते. समोरच्या काठावर सगळ्यात जवळ शिक्षिकाबाई. मी शिट्टी मारून हात उंचावला. त्यांनी पिशवी फेकली. पहिल्याच झटक्यात ती त्याच्या डोक्यावरून येऊन माझ्या पायाशी पडली. दोन्ही टोकं दोघींच्या हातात आली. दोरी ताणून आम्ही प्रवाहाच्या खालच्या बाजूनं त्याच्या छातीखाली आणली. "दोरीवर टेक! दोरीवर!" मी ओरडले. तो टेकला आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर राहिलं. तो खोकला. तो आवाज ऐकून माझे गुडघे लटपटले.

बाईंच्या मागं दोघांनी त्यांचं जॅकेट धरलं होतं. त्या मागं रेलून, टाचा मातीत रोवून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. माझं टोक मी बेटावर माझ्या मागं असलेल्या दोघांच्या हाती दिलं. आमचे दादा, म्हणजे क्लबचे जुने प्रशिक्षक, आणि मी वरच्या बाजूनं खडकाच्या आडोशाला उतरलो. अडकलेला पाय पुढं ओढायचा नसतो, आत शिरला त्याच वाटेनं उलट, प्रवाहाच्या दिशेच्या विरुद्ध काढायचा असतो. दादांनी बुटाची टाच धरली, मी पोटरी. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा पाय सुटला, बूट तिथंच राहिला.

सगळं मिळून चार-पाच मिनिटं असतील.

पाटणला नेऊन एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, घोटा मात्र भोपळ्यासारखा सुजला. रात्री शेकोटीपाशी तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं. पण पायाला दगड लागला आणि मी उभा राहिलो." मी त्याला सांगितलं की सर्वांत आधी तुला सोडायला नको होतं. त्या रविवारपासून माझ्या वहीत नवख्यांच्या नावापुढं पोहता येतं की नाही हा रकाना वेगळा आहे, आणि सांगितल्यावर कोण किती वेळा करून बघतं हा वेगळा. खळाळात आधी कुणाला सोडायचं ते दुसऱ्या रकान्यावरून ठरवते.

सोमवारी पहाटे काठी बघायला गेले. पाणी वरच्या खुणेच्याही वर होतं आणि वाळू दिसत नव्हती. गावातल्या शाळेत झेंडावंदनाला सगळे गेलो. तो आबांच्या काठीवर रेलून उभा होता.

परतताना कराडला प्रीतिसंगमावर गाडी थांबवली. कोयना आणि कृष्णा तिथं समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र वळतात. तो पायरीवर पाय लांब करून बसला. शिक्षिकाबाई खाली उतरल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या.

"हे पाणी दोन-चार दिवसांत आमच्या उसाला येईल," त्या म्हणाल्या. मग वळून त्याला विचारलं, "बूट बी येईल का रे तुझा?"

तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या हसताना दिसल्या.